खांबाला पाय

हॅमर आप्पांना ऐकू येत नव्हतं, आणि आमच्या गल्लीत आवाजावरून सगळ्यात जास्त भांडणं त्यांनीच केली. ज्यांचे कान धड होते ते दारं-खिडक्या लावून, कानात कापूस घालून, घरातल्या घरात शिव्या देऊन गप्प बसायचे. आप्पा मात्र बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर रस्त्यात उतरायचे, मिरवणुकीतल्या साउंड सिस्टीमच्या गाडीसमोर उभे राहायचे आणि दोन्ही हात वर करून 'बंद कर' म्हणायचे. पोरं हसायची. "आप्पा, तुम्हाला काय ऐकू येतंय?" असं कुणीतरी विचारायचं, आणि तेही आप्पांना ऐकू यायचं नाही. मग पुन्हा हशा. मला तो हशा सिस्टीमपेक्षा जास्त डोक्यात जायचा, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

आप्पांचे कान उद्यमनगरात गेले. तिथल्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात ते उभं आयुष्य हॅमरवर होते. लालभडक लोखंड चिमट्यात धरायचं आणि त्यावर तो अजस्र हॅमर पडत राहायचा, पाळी संपेपर्यंत. कानात काहीतरी घाला असं त्यांना सांगितलं होतं म्हणे, पण आप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. "कानात बोळं बाळंतीण घालती." घरी बसायची वेळ आली तेव्हा त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार पोचायचं. बाकीचं ते समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचे, आणि जे ओळखता यायचं नाही ते आपल्याविरुद्धच आहे असं धरून चालायचे. हॅमर आप्पा हे नाव कारखान्यावरून पडलं, पण स्वभावालाही चालून गेलं.

मलकापूरला दिलेल्या त्यांच्या मुलीनं एकदा कानाचं मशीन आणून दिलं होतं. आप्पांनी ते घातलं, घरभर फिरले, आणि संध्याकाळी काढून जोंधळ्याच्या पिठाच्या डब्यावर ठेवून दिलं. ते तिथंच राहिलं. मुलीनं विचारलं तर म्हणाले, "ह्यात माणसं ऐकू येत न्हाईत. भांडी ऐकू येत्यात." मुलगी रडकुंडीला आली. आप्पांना वाटलं, ती मशीनला नावं ठेवते आहे, म्हणून त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मला ते 'प्लायवूड' म्हणायचे. लक्ष्मीपुरीत माझं दुकान आहे. प्लाय, लॅमिनेट, फोम, रबरशीट, असलं सगळं तिथं मिळतं. घर मात्र आप्पांच्या अगदी समोर. माझं नाव त्यांना चांगलं माहीत होतं, पण 'ए प्लायवूड' ही हाक गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाला जायची. माझ्या आईला ते खपायचं नाही. तिनं एकदा त्यांना बजावलं की आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या व्यापार आहे, मंदिरात पहिल्या रांगेत बसणारी माणसं आम्ही, आमच्या मुलाला असं लाकडाच्या नावानं हाक मारायची नाही. आप्पांनी तिच्या ओठांकडं नीट बघून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काय फोम म्हणू?" त्यानंतर आईनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. आप्पांना ते बरेच दिवस कळलंच नाही.

गल्लीला आमच्या तालीम आहे. माझ्या लहानपणी पहाटे तिथून शड्डूचे आवाज यायचे. आता त्या लाल मातीवर ताडपत्री टाकली आहे आणि तिच्यावर बेसचे खोके रचून ठेवलेले असतात. गणपती, नवरात्र, शिवजयंती तर धरून चालायचंच. पण नेत्याचा वाढदिवस, नेत्याच्या मुलाचा वाढदिवस, पेठेचा फुटबॉलचा संघ जिंकला, लग्न ठरलं, लग्न झालं, आणि या प्रत्येकाच्या आधी एक टेस्टिंग. गाणं रस्त्यावर राहतं आणि बेस तेवढा घरात शिरतो. फडताळातल्या ताटल्या वाजतात, खिडकीच्या काचा वाजतात, छातीत कुणीतरी आतून बुक्क्या मारतंय असं वाटतं. माझी आई संध्याकाळी सामायिकाच्या ध्यानाला डोळे मिटून बसते, तेव्हा नेमकं टेस्टिंग असतं. मी पोरांना समजावलं, विनवलं, आणि जैनाच्या पोटी जन्मूनही मनातल्या मनात एकेकाला धरून पंचगंगेत बुडवलं.

उघड तक्रार करायची सोय नव्हती. आमच्याकडं एक रीत पडून गेली आहे: ज्यानं तक्रार केली, त्याच्या दारात मिरवणुकीची गाडी जास्त वेळ थांबते. कुणी ठरवलं नाही, कुणी लिहून ठेवलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. गाडी थांबते, खोक्यांची तोंडं त्या घराकडं होतात आणि पोरं नाचता नाचता वर बघतात की खिडकी उघडते का. तालमीचा अध्यक्ष बंडा याबद्दल काही बोलत नसे. त्याचं नाक्यावर दुचाक्यांचं गॅरेज होतं, अंगानं दांडगा, कुणाच्याही मयतीला पहिला हजर. तसा वाईट नव्हता. पण सिस्टीमजवळ उभा राहिला की त्याच्यातला चांगला माणूस कुठं जायचा कोण जाणे.

सगळ्यात जास्त वेळ गाडी आप्पांच्या दारात थांबायची. वर्गणी मागायला बंडा आला की आप्पा त्याच्या हातात नारळ आणि झेंडूचा हार ठेवायचे. "ह्ये द्येवाला हाय. खोक्यास्नी दिडकी मिळायची न्हाय." बंडा हार घेऊन मुकाट्यानं जायचा. मिरवणुकीच्या दिवशी त्याचा वचपा निघायचा.

आप्पांच्या घरात कुणी नवीन माणूस गेलं की त्याला आधी त्यांचा पाय दिसायचा. खालच्या स्वयंपाकघरात मधोमध एक सागवानी खांब होता. त्याच्यावर तुळई, तुळईवर माडीच्या फळ्या. भाकरी थापताना, भांडी घासताना, पेपर वाचताना आप्पांचा डावा अनवाणी पाय त्या खांबाला टेकलेला असायचा. आमच्याकडं घराच्या खांबाला हळदकुंकू लावतात, दसऱ्याला झेंडूची माळ घालतात, आणि हे गृहस्थ त्याला खुशाल पाय लावून बसायचे. गल्लीतल्या बायका नावं ठेवायच्या. खांबाला पाय लावला म्हणून घरात दुखणं आलं, असं माझी आई म्हणायची. खरं तर उलट होतं. घरात दुखणं आलं म्हणून तो पाय खांबाला गेला होता.

दुखणं शेवंताकाकींचं. काकी गडमुडशिंगीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, हसऱ्या आणि बोलक्या. बहिऱ्या माणसाशी बोलक्या बाईनं संसार कसा केला असेल असं वाटायचं, पण त्या दोघांचं झकास चालायचं. काकी आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायच्या आणि आप्पांना शब्द न् शब्द कळायचा. चारचौघांत बसून त्या आमच्याबद्दल काय काय सांगायच्या देव जाणे. आप्पा आमच्याकडं बघून खो खो हसायचे. मग एका सकाळी काकींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. आम्हाला त्यांचं बोलणं अडखळत का होईना थोडं कळायचं. आप्पांना मात्र त्या ओठांवरचं काहीच वाचता येईना. साऱ्या जगात ज्या एका माणसाचं बोलणं त्यांना पुरतं ऐकू यायचं, ते त्या दिवशी बंद झालं.

त्यावर आप्पांनी तोड काढली. कारखान्यात हॅमर चालू असताना कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही, तेव्हा माणसं लोखंडावर ठोके मारून एकमेकांना खुणावायची. काकींचा डावा हात शाबूत होता. त्या हातात आप्पांनी वेताची काठी दिली. काकी फळ्यांवर ठोकायच्या, ठोका तुळईतून खांबात उतरायचा आणि खांबातून आप्पांच्या पायात. महिन्या-दोन महिन्यांत दोघांची त्यात भाषाच तयार झाली. मी एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात उभा होतो. आप्पा भाकरी थापता थापता थांबले, म्हणाले, "चिडलीया. च्यात साखर कमी पडली," आणि साखरेचा डबा घेऊन वर गेले. मला वरचा ठोका नुसता ठक असा ऐकू आला होता. त्यात राग कुठं होता ते मला आजही सांगता येणार नाही.

काकी माडीवर कशा गेल्या, तेही सांगायला हवं. आमची गल्ली नदीपासून लांब नाही. महापुराचं पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा बंडा आणि तालमीची पोरं आली, त्यांनी काकींना खुर्चीसकट उचललं आणि त्या अरुंद जिन्यातून वर नेलं. आप्पा खालून ओरडत होते, "हळू नेवा, म्हस न्हाय ती." पाणी ओसरलं, पण खालच्या भिंती ओलीनं सोलून निघाल्या. काकींनाही वरची रस्त्याकडची खिडकी आवडायला लागली होती. खाटेवर पडून त्यांना अख्खी गल्ली दिसायची. त्या वरच राहिल्या, आणि फळ्या पेटतील या भीतीनं आप्पांनी चूल खालीच ठेवली.

बेसनं नेमकं काय केलं, ते आता कळेल. सिस्टीम सुरू झाली की तो खांब आपोआप थरथरायला लागायचा. फळ्या, तुळई, खांब, सगळंच ठोकायला लागायचं, आणि त्यात काकींची काठी हरवून जायची. आप्पांना भीती होती ती एवढीच. काकींना ठसका लागला, उलटी झाली, त्या खाटेवरून घसरल्या, तर खाली कळायचं कसं? मिरवणुकीच्या दिवशी ते स्वयंपाक सोडून वर जाऊन खाटेसमोर बसायचे आणि त्यांच्यावरून नजर हलवायचे नाहीत. पण बारा महिने रोज कुठलं ना कुठलं टेस्टिंग असताना माणूस चूल कधी पेटवणार आणि अंघोळ कधी करणार? हे त्यांनी तालमीत जाऊन सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, तेही दुकानात माझ्यावर ओरडत. मी म्हणालो, बंडाला हे सांगा, तो ऐकेल. आप्पा भडकले. "माझी बायकू कशी हाक मारती ते मी सगळ्या गल्लीला सांगत फिरू व्हय रं?"

मी त्यांना दिवा लावायचं सुचवलं. काकींच्या हाताशी बटण, स्वयंपाकघरात दिवा, बटण दाबलं की दिवा लागणार. वायरमन बोलावून मीच तो लावूनही दिला. आठ दिवसांत आप्पांनी त्याच्यावर फडकं वाळत घातलं. दिव्याकडं बघत बसलं तर भाकरी करपते आणि भाकरीकडं बघितलं तर दिवा दिसत नाही, असं त्यांचं पहिलं म्हणणं. दुसरं म्हणणं त्यांनी जरा थांबून सांगितलं. "दिव्यात ती न्हाय. चिडली काय, घाबरली काय, दिवा आपला सारखाच पेटतुया."

मग ते माझ्याकडं घर बंदिस्त करायला आले. आवाज आत येऊ न देणारा माल दाखव म्हणाले. मी करड्या रंगाच्या फोमच्या चौकोनी वड्या दाखवल्या, रेकॉर्डिंगच्या खोल्यांत लावतात त्या. आप्पांनी एक वडी हातात घेऊन दाबली, सोडली आणि विचारलं, ही केकवाल्याकडनं आणली का. फोमनं बारीक आवाज अडतो, बेस अडत नाही, हे मलाही माहीत होतं. पण गिऱ्हाइकं तेच मागतात म्हणून मी ठेवतो. आप्पांना रबर हवं होतं, जाड, काळं, भरीव. हॅमरच्या पायाखाली लाकूड आणि रबर घालतात, म्हणून कारखान्याशेजारच्या घरांना चिरा पडत नाहीत, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. तोच हिशेब त्यांनी घराला लावला. खोलीत खोली करायची. माडीच्या फळ्यांवर रबराचे ठोकळे, ठोकळ्यांवर जाड प्लायची दुसरी जमीन, तिच्यावर काकींची खाट. भिंतींना प्लाय, मध्ये गाद्यांचा जुना कापूस. रस्त्याकडची खिडकी दुहेरी प्लाय मारून बंद.

ते काम त्यांनी कुणाला हात लावू न देता केलं. सुतार बोलावू का म्हटलं तर म्हणाले, सुतार आला की त्याला च्या करावा लागतो. प्लाय कापून नेताना माझ्या कामगारांच्या अंगावर ओरडले, ठोकळा एक सूत कमी निघाला म्हणून माझ्या अंगावर ओरडले. काकी या काळात खालच्या ओलसर खोलीत खाटेवर पडून असायच्या आणि वरची ठोकाठोक ऐकत छताकडं बघायच्या. मी गेलो की माझ्याकडं बघून काहीतरी सांगायच्या. 'खिडकी' एवढा एक शब्द मला उमजला. मी तो आप्पांच्या कानाशी ओरडून सांगितला. "खिडकीत हाय काय?" आप्पा म्हणाले. "त्यो बंड्याच दिसतोय न्हवं खिडकीतनं."

काकींना पुन्हा वर नेल्यावर पहिलं टेस्टिंग झालं, तेव्हा आप्पांनी मला हाताला धरून वर नेलं. नव्या जमिनीवर त्यांनी पितळी तांब्या काठोकाठ भरून ठेवला होता. बाहेर सिस्टीम धडधडत होती, जिना चढताना कठडा हातात थरथरत होता, आणि त्या तांब्यातलं पाणी मात्र जवळजवळ हलत नव्हतं. आप्पा ओणवे होऊन पाण्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा इतका मऊ झालेला पाहिला नव्हता. त्यांनी मला गूळ-शेंगदाणे दिले, माझ्या आईसाठी कागदात बांधूनही दिले, आणि जाताना म्हणाले, "आता वाजव म्हणावं बंड्याला. छाती फुटंपतोर वाजव." आईनं ते शेंगदाणे खाल्ले नाहीत, पण टाकलेही नाहीत.

आप्पांचं काय चुकलं ते त्यांच्यासारख्याच माणसाचं चुकू शकतं. ज्यानं सगळा जन्म हॅमरचा धक्का बाहेर जाऊ न देणारं रबर पाहिलं, त्यानं धक्का आत येऊ नये म्हणून जीव टाकला आणि आतला ठोका बाहेर कसा जाणार, याचा विचारच केला नाही. रबरावरच्या त्या जमिनीवर काकींनी काठी मारली तर ती तिथंच जिरायची. खांबापर्यंत काही पोचत नव्हतं.

हे उघड झालं त्या दुपारी सिस्टीम बंद होती. गल्लीत पताका लावायचं काम चाललं होतं आणि बंडा आप्पांच्या घरासमोर शिडी धरून उभा होता. मी जेवायला घरी आलो होतो. आप्पांच्या बंद केलेल्या खिडकीवर आतून ठोके पडायला लागले. आधी हळू, मग भराभर, मग वेडेवाकडे. शेजारपाजारची माणसं बाहेर येऊन वर बघायला लागली. सगळ्या गल्लीला ते ठोके ऐकू येत होते आणि खाली स्वयंपाकघरात आप्पा खांबाला पाय लावून शांतपणे लसूण सोलत होते. बंडानं शिडी सोडली आणि चपलांसकट आत धावला, त्याच्यामागं मी. चपला घालून बंडा आपल्या स्वयंपाकघरातनं जिन्याकडं पळतोय हे बघून आप्पांनी उलथनं उचललं आणि त्याच्या पाठीत हाणलं. बंडा थांबला नाही. आप्पा त्याच्यामागं शिव्या देत जिना चढले.

काकी खाटेवरून घसरून खिडकीपाशी पडल्या होत्या. कपडे ओले झाले होते, कपाळाला खोक पडली होती, आणि तशाही त्या खिडकीच्या प्लायवर काठी मारत होत्या. त्यांना मदत नको होती, खिडकी हवी होती. कितीतरी वेळ त्यांनी जमिनीवर ठोकून बघितलं असणार, कुणी आलं नाही म्हणून त्या सरपटत निघाल्या असणार. बंडानं त्यांना उचलून खाटेवर ठेवलं. काकींनी आप्पांकडं बघितलं आणि डावा हात उचलून काठी त्यांच्या छातीवर मारली, जोरात. तो ठोका आप्पांना समजला. ते हातातलं उलथनं घेऊन तसेच खिडकीकडं गेले आणि त्याच उलथन्यानं प्लायच्या खिळ्यांखाली जोर लावायला लागले.

संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळं उपटून काढलं. प्लाय, कापूस, रबराचे ठोकळे, सगळं रस्त्यावर. मी मदतीला गेलो तर मला हाकललं. शेवटचा ठोकळा हातात घेऊन ते उंबऱ्यावर बसले, तेव्हा मी शेजारी जाऊन बसलो. "रबराला आतलं-बाहीरचं कळत न्हाय," ते म्हणाले. "त्ये दोन्हीकडनं बहिरं." बंडा पाठ चोळत समोर उभा होता. काकींची हाक कशी येते आणि सिस्टीम लागली की ती कशी बुडते, हे त्या दिवशी मीच त्याला सांगितलं. आप्पा ओठ वाचत असतील म्हणून मी तोंड दुसरीकडं करून सांगितलं.

आता गल्ली सुधारली असं लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. बंडानं तालमीच्या बैठकीत विषय काढला हे खरं. पण आवाज कमी केला तर पलीकडची तालीम हसेल, असं पोरांनी त्याला ऐकवलं, आणि पलीकडची तालीम हसली तर आमच्या गल्लीत माणसाला जगणं नको होतं. एवढंच झालं की आप्पांच्या दारात गाडी जास्त वेळ थांबायची बंद झाली. ती माझ्या दारात थांबायला लागली, कारण बैठकीत मी जरा जास्तच बोललो होतो. सिस्टीम लागली की आप्पा पहिल्यासारखे वर जाऊन खाटेसमोर बसायचे. काकी खिडकीतनं मिरवणूक बघायच्या आणि बहुधा त्यांना ती आवडायची. आप्पा मिरवणुकीकडं पाठ करून काकींकडं बघायचे.

काकी शिवजयंतीच्या तोंडावर गेल्या, झोपेत. बंडा आणि पोरांनी त्यांना त्याच अरुंद जिन्यातून खाली आणलं. या वेळी आप्पा काही ओरडले नाहीत. गल्लीत मयत झाली की तालीम सिस्टीम बंद ठेवते, ही मात्र आमच्याकडची जुनी आणि खरी रीत आहे. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन करून आम्ही नदीवरून परत आलो. आप्पा स्वयंपाकघरात खांबाला पाय लावून बसले होते. घरात माणसं होती, मलकापूरची मुलगी होती. बंडा त्यांच्या उजव्या कानाशी वाकला आणि दहाव्यापर्यंत सिस्टीम वाजणार नाही, असं त्यानं ओरडून सांगितलं.

"लाव," आप्पा म्हणाले.

बंडाला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं.

"ऐकलं मी. लाव म्हणालोय. ह्यो खांब तीन दिस गप हाय. पाय ठिवतोय, कायबी हलंना. लाव जा."

कोपऱ्यातलं कुणीतरी पुटपुटलं की म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. बंडानं हात जोडले. तालमीचं ठरलंय, काकींचा मान आहे, लोक काय म्हणतील, असं तो सांगत राहिला. आप्पा त्याच्या ओठांकडं बघत होते. मग ते उठले आणि त्यांनी बंडाच्या शर्टाला धरलं. "इतकी वर्सं बंद कर म्हटलं, कवा ऐकलं न्हाईस. आज लाव म्हणालोय तर त्येबी ऐकंनास. माझं येक तरी ऐक की रं." मुलीनं त्यांना धरून खाली बसवलं. बंडा डोळे पुसत बाहेर गेला, आणि त्याच्यामागं मीही.

सिस्टीम लागली नाही. दहाव्यापर्यंत आमच्या गल्लीत इतकी शांतता होती की आईचं सामायिक रोज निर्वेध झालं. समोरच्या दारातून मला आप्पांचा पाय दिसायचा, खांबाला लावलेला. दहावा झाल्यावर मुलीनं त्यांना मलकापूरला नेलं. तिचं स्लॅबचं घर आहे, रत्नागिरी रोडपासून आत, तिथं कसलाही त्रास नाही, असं ती म्हणाली. आप्पा रिक्षात बसले आणि कुणाकडं न बघता गेले.

त्याच संध्याकाळी टेस्टिंग झालं. माझ्या फडताळातल्या ताटल्या हलायला लागल्या. समोरच्या घराला कुलूप होतं. आत तो खांब आता थरथरत असणार, आणि पाय लावायला कुणी नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी रस्त्यात गेलो, बंडासमोर उभा राहिलो आणि त्याला विचारलं की हे एक दिवस आधी लावलं असतंस तर तुझ्या बापाचं काय गेलं असतं. तो खोक्याला टेकून उभा होता. त्याला ऐकू आलं नाही.